नावामागची वस्तू: मलय आणि युनानी वनौषधी घरात आणताना

मराठवाड्यातील अनेक जुन्या घरांत, मग ती हिंदूंची असोत वा मुसलमानांची, एखाद्या पेटीच्या तळाशी उर्दूत लिहिलेला नुस्खा अजूनही सापडतो. सप्टेंबर १९४८ पर्यंत हा प्रदेश हैदराबाद संस्थानात होता, हकिमाकडे जाणे ही नित्याची गोष्ट होती आणि चिठ्ठी उर्दूतच मिळत असे. तिच्यावर ‘उन्नाब ५ दाणे, सपिस्तान ९ दाणे, बेहीदाणा ३ माशे’ असे काहीतरी लिहिलेले असते. आता त्याच घरातील कोणी उमऱ्याहून, म्हणजे मक्केच्या यात्रेहून, परतताना ‘हब्बतुस सौदा’ तेलाची बाटली आणते, कोणी क्वालालंपूरच्या नोकरीतून ‘मंजकनी’चे पाकीट पाठवतो, आणि औषधपाणी पाहणाऱ्या बाईच्या हाती एकाच वेळी तीन-चार भाषांतील नावे येऊन पडतात. यातील निम्म्या वस्तू आपल्या फडताळात आधीपासूनच आहेत, हे मात्र तिला कोणी सांगितलेले नसते. सपिस्तान म्हणजे आपले भोकर, ज्याचे लोणचे आपण दरवर्षी घालतो. मंजकनी म्हणजे बाळगुटीच्या सामानातील मायफळ. हब्बतुस सौदा म्हणजे कलौंजी.

या वनौषधी घरी कशा ओळखाव्यात, कशा विकत घ्याव्यात, कशा साठवाव्यात, कशा तयार कराव्यात आणि कोठे थांबावे, हे येथे क्रमाने सांगितले आहे. घरगुती उपचार फसतो तो बहुधा मात्रेपाशी नव्हे, तर त्याच्याही आधी, दुकानाच्या फळीवर नाव उच्चारले त्या क्षणी, असे माझे अनेक वर्षांचे निरीक्षण आहे. म्हणून ओळखीचा भाग मी मुद्दाम लांबवला आहे.

मलय परंपरेविषयी थोडे

मलय द्वीपकल्पातील वैद्यकाकडे पाहताना ते परके वाटत नाही, याला कारण आहे. शतकानुशतके भारतीय आणि अरब व्यापारी मलाक्कासारख्या बंदरांवर ये-जा करीत होते, आणि मालाबरोबर नावेही उतरत होती. मलय भाषेत डाळिंबाला ‘दलिमा’ म्हणतात, तो संस्कृत ‘दाडिम’ आहे. मेथीला ‘हालबा’ म्हणतात, तो अरबी ‘हुल्बा’ आहे. पालेकिराईताला तेथे ‘हम्पदू बुमी’ म्हणजे भूमीचे पित्त म्हणतात, आणि त्यातील ‘बुमी’ हा शब्द कोठून गेला हे सांगण्याची गरज नाही. इस्लामबरोबर तेथे अरबी-युनानी वैद्यकातील चार दोषांची कल्पना रुजली, कुराण आणि हदीस म्हणजे पैगंबरांची वचने यांत उल्लेखिलेल्या वस्तूंना विशेष मान मिळाला, आणि स्थानिक ‘बोमोह’ म्हणजे मांत्रिक-वैद्य व ‘बिदान’ म्हणजे सुईण यांच्या हातातील पाल्याशी या सगळ्याचा मेळ बसला. मलेशियाने २०१६ साली पारंपरिक व पूरक वैद्यकाचा जो कायदा केला, त्याखाली पारंपरिक मलय वैद्यक आणि इस्लामी उपचारपद्धती या दोन स्वतंत्र शाखा म्हणून मान्य झाल्या आहेत. इस्लामी उपचारात पठणाचा, म्हणजे रुकयाचा, भाग मोठा असतो. तो ज्याच्या-त्याच्या श्रद्धेचा विषय असल्याने या लेखात केवळ वनस्पतींचा विचार केला आहे.

युनानी पद्धतीत प्रत्येक वस्तूला मिजाज म्हणजे प्रकृती असते: ‘गर्म’ (उष्ण) किंवा ‘सर्द’ (थंड), आणि ‘तर’ (ओली) किंवा ‘खुश्क’ (कोरडी). इब्न सीना (९८० ते १०३७) याने आपल्या वैद्यकग्रंथाचा दुसरा खंड सुट्या औषधिद्रव्यांसाठी राखून ठेवला आणि त्यात प्रत्येकाचा मिजाज नोंदवला. मलय सुईण ‘पानस’ आणि ‘सजुक’ म्हणते, आपली आजी उष्ण आणि थंड म्हणते. नुस्खा वाचण्यापुरते एवढे पुरेसे आहे.

ओळख: कलौंजीचा घोळ

कलौंजीपासून सुरुवात करावी, कारण सर्वांत मोठा गोंधळ तिच्याभोवतीच आहे. काळ्या दाण्यात मृत्यूखेरीज प्रत्येक आजारावर उपाय आहे, अशा अर्थाची हदीस प्रसिद्ध आहे आणि त्यामुळे तिला प्रचंड मागणी असते. हे वचन सरसकट न घेता थंड-ओल्या प्रकृतीच्या विकारांपुरते घ्यावे, असे खुद्द काही जुन्या भाष्यकारांनीच म्हटले आहे. दुकानदार मात्र भाष्य वाचत नाही. त्याच्याकडे काळे आणि बारीक असे किमान पाच प्रकारचे बी असते आणि नावे एकमेकांत मिसळलेली असतात.

माझ्या घरी एकदा भाच्याला ‘काळे जिरे आण’ एवढेच सांगून पाठवले. लोणच्यासाठी कलौंजी हवी होती. त्याने आणले कडू कारेळे, जे जंतांवर देतात आणि जिभेवर ठेवले तर तासभर कडवटपणा जात नाही. पाच किलो कैरीचे लोणचे वाया गेले. चूक दुकानदाराची नव्हती, आमच्या नावाची होती.

ओळखण्याची रीत अशी आहे. चिमूटभर बी पांढऱ्या कागदावर घ्यावे आणि उजेडात पाहावे. कलौंजीचा दाणा मंद काळा, अजिबात न चमकणारा, तीन कडांचा आणि खडबडीत असतो. फोडला तर आत पांढुरका गर दिसतो, आणि बोटांत चुरडला तर ओव्याची आठवण करून देणारा, किंचित तिखट वास येतो. कांद्याचे बी दिसायला याच्या अगदी जवळचे असते आणि कित्येक ठिकाणी कलौंजीलाच ‘कांद्याचे बी’ म्हणतात. परंतु खरे कांद्याचे बी अधिक चपटे व सुरकुतलेले असते आणि चुरडले तरी त्याला तो वास येत नाही. ज्याची आपण चटणी करतो ते कारळे लांबट, गुळगुळीत व चकचकीत असते. काळे जिरे अथवा शहाजिरे जिऱ्यासारखेच बारीक व वाकलेले असते. कडू कारेळ्याच्या दाण्यावर उभ्या रेषा असतात आणि चवीला ते कमालीचे कडू असते. हे पाचही दाणे एकदा शेजारी शेजारी ठेवून पाहिले, तर पुन्हा फसगत होत नाही.

कांद्याचे बी पेरणीसाठी विकत घेतलेले असेल तर ते कधीही औषधात किंवा अन्नात वापरू नये, कारण पेरणीच्या बियाण्याला बहुधा कीटकनाशक वा बुरशीनाशक चोळलेले असते. आपल्याकडे कांदा लावणारी घरे पुष्कळ आहेत, म्हणून हे मुद्दाम सांगितले.

इतर फसव्या जोड्या

दुसरी जोडी सोनामुखी आणि तरवड यांची. हाजी लोक ज्याला सना मक्की म्हणतात ती सोनामुखी रेचक म्हणून प्रसिद्ध आहे, आणि भारतात तिची लागवड प्रामुख्याने तमिळनाडूच्या तिरुनेलवेली भागात होते. आपल्या माळरानावर व रस्त्याच्या कडेला पिवळ्या फुलांचा जो तरवड दिसतो, तो तिचा सख्खा नातेवाईक आहे, पण तो ती नव्हे. सोनामुखीची वाळलेली पर्णिका भाल्याच्या पात्यासारखी टोकाशी निमुळती होते आणि देठाजवळ तिच्या दोन बाजू सारख्या नसतात. तरवडाची पर्णिका टोकाशी बोथट असते. बांधावरचा पाला ओरबाडून त्याला सोनामुखी म्हणू नये. पावडर घेतली तर ही परीक्षा करताच येत नाही, म्हणून सोनामुखी नेहमी पानाच्या स्वरूपातच घ्यावी.

तिसरा घोळ ब्राह्मीचा. मलेशियात ‘पगागा’ नावाची भाजी कच्ची, भाताबरोबर खातात. ती म्हणजे आपला कारिवणा, अर्थात मंडूकपर्णी, जिचे पान मूत्रपिंडाच्या आकाराचे, गोलसर आणि कडेला दातेरी असते. नीरब्राह्मी वेगळी, तिचे पान लहान, जाडसर आणि चमच्याच्या आकाराचे असते. बाजारात दोन्हींना ब्राह्मी म्हणतात. मलय पाककृतीत किंवा नुस्ख्यात पगागा लिहिले असेल, तर कारिवणाच घ्यावा.

चौथा किराईताचा: पालेकिराईत म्हणजे हम्पदू बुमी, आणि काडेकिराईत हिमालयातील वेगळी वनस्पती आहे. दोन्ही भयंकर कडू, त्यामुळे चवीवरून काही ठरत नाही. पाला आहे की काड्या आहेत हे पाहावे. पालेकिराईताने काही जणांना अंगावर तीव्र पित्त उठते व क्वचित श्वासही कोंडतो, हे ध्यानात ठेवून पहिल्यांदा घेताना एकट्याने घेऊ नये.

पाचवा गोंधळ ‘कुस्त’ या शब्दाचा आहे. हदीसमध्ये ज्याला ‘ऊद हिंदी’ म्हणजे भारतीय काष्ठ म्हटले आहे, ते कुस्त म्हणजे आपल्याकडील कोष्ट किंवा उपलेट होय, आणि ते हिमालयात होते. ही वनस्पती रानात इतकी दुर्मीळ झाली आहे की तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर सर्वांत कडक निर्बंध आहेत. स्वस्तात मिळणारे उपलेट म्हणूनच संशयास्पद मानावे. मलय ‘सतावर’ ही मात्र आपल्या पेव्याची, पावसाळ्यात पांढऱ्या फुलांनी शोभणाऱ्या वनस्पतीची, बहीण नव्हे तर तीच वनस्पती आहे, आणि तिचा उपलेटाशी काहीही संबंध नाही. तिच्या शास्त्रीय नावात कुस्तशी मिळताजुळता शब्द असल्याने इंटरनेटवरच्या याद्यांत ही चूक वारंवार दिसते.

नावांचा हा त्रास आजचा नाही. बाराव्या शतकाच्या अखेरीस मलागा येथे जन्मून दमास्कसमध्ये १२४८ साली वारलेल्या इब्न अल-बैतार या वनस्पतिज्ञाने सुमारे १,४०० द्रव्यांची नोंद केली, तेव्हा त्यालाही एकेका वस्तूची निरनिराळ्या भाषांतील नावे शेजारी शेजारी द्यावी लागली होती. आपण तेच घरच्या प्रमाणावर करावे: एक वही घ्यावी आणि प्रत्येक वस्तूचे दुकानातील नाव, मराठी नाव, उर्दू वा मलय नाव आणि ओळखीची खूण अशा चार गोष्टी लिहाव्यात. त्याहूनही उपयोगी म्हणजे ‘नमुन्याची बाटली’. एखादी वस्तू जाणत्या वैद्याकडून किंवा हकिमाकडून खात्रीने ओळखून घेतली की तिचा चमचाभर भाग काचेच्या लहान बाटलीत वेगळा ठेवावा आणि पुढील प्रत्येक खरेदी घरी आल्यावर त्याच्याशी ताडून पाहावी.

खरेदी

छत्रपती संभाजीनगरच्या शहागंजसारख्या किंवा नांदेड, जालना, बीडच्या जुन्या बाजारपेठांत काष्ठौषधी विकणारी दुकाने आणि अत्तारांची, म्हणजे युनानी औषधे विकणाऱ्यांची, दुकाने आहेत. तेथे घाईच्या वेळी, विशेषतः आठवडी बाजाराच्या दिवशी, जाऊ नये. पन्नास ग्रॅमच्या वर कोणतीही वस्तू प्रथम घेऊ नये. अख्खे बी, अख्खे फळ, अख्खे पान मागावे; भुकटी मागू नये. हळद मात्र आपल्याच भागात पिकते, हिंगोली आणि वसमतच्या बाजारांत अख्खी हळकुंडे मिळतात, तेव्हा मलय लेपासाठी लागणारी ‘कुन्यित’ परदेशातून मागवण्यात काही अर्थ नाही.

तयार पाकिटांबाबत अधिक सावध राहावे लागते. मलेशियात नोंदणी झालेल्या पारंपरिक औषधावर ‘एम-ए-एल’ ही तीन इंग्रजी अक्षरे, त्यापुढे आठ अंक आणि शेवटी ‘टी’ हे अक्षर असा क्रमांक असतो. तो नसलेले पाकीट तेथील कायद्यानेही नोंदणीकृत औषध ठरत नाही. भारतात बनलेल्या युनानी औषधावर निर्मिती परवाना क्रमांक, बॅच क्रमांक आणि घटकद्रव्यांची यादी असावी लागते. ‘तोंगकात अली’ या मलय मुळाच्या नावाने विकल्या जाणाऱ्या कॉफी व गोळ्यांत लैंगिक दुर्बलतेवरील ॲलोपॅथिक औषध चोरून मिसळल्याची प्रकरणे अनेक देशांच्या औषध नियंत्रकांनी उघड केली आहेत. हृदयविकारावर नायट्रेटच्या गोळ्या घेणाऱ्या माणसाचा अशा मिश्रणाने रक्तदाब इतका खाली जाऊ शकतो की जीव धोक्यात यावा. भेट म्हणून आलेले हे पाकीट उघडूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याचप्रमाणे सांधेदुखीवर एका दिवसात जादू करणारी पुडी मिळाली, तर तिच्यात स्टेरॉइड असण्याची शंका आधी घ्यावी.

साठवण

आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीपार जातो आणि जुलैत हवा दमट होते. वनौषधी दोन्हींनी बिघडतात. उन्हाळ्यात पत्र्याखालच्या खोलीत ठेवलेल्या कलौंजीतील आणि ओव्यातील उडनशील तेल काही आठवड्यांत कमी होते, तर पावसाळ्यात भोकर व उन्नाब यांसारख्या गोडसर फळांना बुरशी आणि जाळी धरते. पाने नेहमी सावलीत, चटईवर पसरून वाळवावीत. उन्हात वाळवलेला अडुळसा पिवळा पडतो. वाळलेला माल घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत, भिंतीतील फडताळाच्या सर्वांत खालच्या कप्प्यात ठेवावा आणि बरणीवर खरेदीचा महिना लिहावा. पाने व फुले वर्षभरात, बिया व मुळे दोन वर्षांत संपवावीत किंवा टाकून द्यावीत. बुरशीचा ठिपका दिसलेले फळ धुऊन वापरण्याचा मोह टाळावा.

तयार करण्याच्या रीती

युनानी चिठ्ठीवर औषधाच्या नावानंतर बहुधा रीत लिहिलेली असते. ‘जोशांदा’ म्हणजे काढा, ‘खिसांदा’ म्हणजे रात्रभर थंड पाण्यात भिजवून गाळलेले पाणी, ‘लुआब’ म्हणजे भिजवल्यावर सुटणारा बुळबुळीत अंश, ‘सफूफ’ म्हणजे चूर्ण आणि ‘जिमाद’ म्हणजे लेप. ज्या वस्तूचा गुण वासात आहे ती उकळू नये, तिचा खिसांदा करावा किंवा तिच्यावर उकळते पाणी ओतून झाकून ठेवावे. ज्या वस्तू कठीण आहेत त्यांचा जोशांदा करावा. आणि ज्यांना बुळबुळ सुटते त्या कधी वाटू नयेत.

सुरुवातीला उल्लेखिलेला नुस्खा घेऊ. कोरड्या खोकल्यासाठी आणि घसा खवखवण्यासाठी तो युनानीत फार प्रचलित आहे. उन्नाब म्हणजे बोराच्या जातीचे वाळलेले लाल फळ, त्याचे ५ दाणे. सपिस्तान म्हणजे वाळलेले भोकर, त्याचे ९ दाणे. आणि बेहीदाणा, म्हणजे बेही (क्विन्स) या फळाचे बी, ३ ग्रॅम, कारण एक मासा जवळजवळ एका ग्रॅमइतका असतो. उन्नाब व सपिस्तान हलकेच ठेचावेत, बेहीदाणा मात्र अख्खाच ठेवावा, कारण त्याच्या टरफलातील चिकट अंश हवा असतो आणि आतील गर वाटला तर त्यातून सायनाइड हे विषारी द्रव्य सुटण्याचा धोका असतो. हे सारे एक पेला पाण्यात मंद आचेवर निम्मे होईपर्यंत उकळावे, गाळावे आणि कोमट असताना घोट घोट घ्यावे. सकाळ-संध्याकाळ, तीन ते पाच दिवस. आवडीने मध घालता येतो, परंतु एक वर्षाच्या आतील बाळाला मध कोणत्याही रूपात देऊ नये. यात ज्येष्ठमध घालण्याची पद्धत आहे. रक्तदाबाच्या रुग्णाने तो वगळावा, कारण त्याने रक्तदाब वाढतो आणि शरीरातील पोटॅशियम घटते. खोकला दोन आठवड्यांहून अधिक टिकला तर काढ्याची बरणी बाजूला ठेवून सरकारी रुग्णालयात थुंकी तपासून घ्यावी, ती तपासणी मोफत होते. धाप लागत असेल किंवा थुंकीत रक्त दिसले तर दोन आठवडेही थांबू नये.

कफ सुटत नसेल तर अडुळसा अधिक योग्य. दोन-तीन पाने तव्यावर वाफवून पिळली की चमचाभर रस निघतो आणि तो मधाबरोबर घेतात. खोकल्याच्या आधुनिक औषधांतील ब्रोमहेक्सिन हे द्रव्य अडुळशातील व्हॅसिसिनच्या अभ्यासातूनच निघाले आहे. याच व्हॅसिसिनमुळे गर्भाशय आकुंचन पावते, म्हणून गर्भवतीने अडुळसा घेऊ नये.

पोटाच्या तक्रारींसाठी इसबगोल आणि सोनामुखी ही दोन नावे चिठ्ठीवर येतात, आणि त्यांचा स्वभाव अगदी भिन्न आहे. इसबगोल हे फारसी ‘अस्पगोल’ म्हणजे घोड्याचा कान, बियांच्या आकारावरून पडलेले नाव. एक ते दोन चमचे भुशी भरपूर पाण्यात ढवळून लगेच प्यावी आणि वर आणखी पेलाभर पाणी घ्यावे. कोरडी भुशी तोंडात टाकली तर ती घशातच फुगून अडकू शकते. इतर औषधे आणि इसबगोल यांत दोन तासांचे अंतर ठेवावे. सोनामुखीचा परिणाम आतड्याच्या स्नायूंवर होतो. ती रात्री घेतली की सकाळी पोट साफ होते, पण आठवड्याहून अधिक काळ रोज घेतली तर शरीरातील क्षार कमी होतात. पोटात कळा, उलट्या किंवा कारण न कळलेले पोटदुखणे असेल तर सोनामुखी देऊ नये. आंत्रपुच्छाचा (अपेंडिक्सचा) दाह असताना रेचक देणे घातक ठरू शकते. लहान मुलांना आणि गर्भवतींना ती घरच्या अंदाजाने देऊ नये.

सब्ज्याचे, म्हणजे तुकमलंगाचे, काम साधे आहे: पाण्यात वीस मिनिटे भिजवून उन्हाळ्यात प्यावे. दर्ग्यांच्या आवारात हीच सुवासिक रोपे लावलेली दिसतात.

कलौंजी स्वयंपाकात वापरण्यास हरकत नाही. औषध म्हणून घ्यायची तर अर्धा लहान चमचा बी, मंद आचेवर कोमट होण्यापुरते परतून, ताजे कुटून, जेवणानंतर घ्यावे. तिच्यातील थायमोक्विनोन या द्रव्यामुळे रक्तातील साखर व रक्तदाब काही प्रमाणात उतरू शकतो, आणि म्हणूनच जो आधीच या दोन आजारांच्या गोळ्या घेतो त्याने डॉक्टरांना सांगितल्याशिवाय रोजची मात्रा सुरू करू नये. गोळ्या थांबवून कलौंजीवर राहणे हे तर कोणत्याही परंपरेत बसत नाही.

बाळंतपण

मलय परंपरेतील सर्वांत समृद्ध भाग बाळंतिणीच्या देखभालीचा आहे, आणि मराठवाड्यातील वाचकाला तो वाचताना घरचाच वाटेल. ‘पंतांग’ म्हणजे पथ्याचा काळ ४० किंवा ४४ दिवसांचा. आपला सव्वा महिना आणि मुस्लिम घरांतील चिल्ला यांच्याशी तो सहज जुळतो. ‘तुंगकू’ म्हणजे तापवलेला दगड पानांत व फडक्यात गुंडाळून पोटावर, कमरेवर फिरवणे. आपल्याकडे शेक-शेगडी आहे. ‘बंगकुंग’ म्हणजे लांब कापडाने पोट बांधणे. आपल्याकडेही जुनी लुगडी त्यासाठीच ठेवलेली असत. हळद, सुंठ व तांदळाच्या पिठाचा ‘पारम’ हा लेप हातापायांना लावतात, कपाळावर ‘पिलिस’ लावतात. मेथी आणि सुंठ तेथेही आहेच; डिंक आणि बाळंतशेपा आपल्या.

यातील काय घ्यावे? सुंठ-हळदीचा लेप, मेथीचे लाडू, गरम ताजे जेवण, मालीश करणाऱ्या बाईचा हात आणि सक्तीची विश्रांती हे सारे घ्यावे. सिझेरियन झाले असेल तर टाका भरून येईपर्यंत पोटावर गरम दगड किंवा घट्ट पट्टा नको. बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवू नये, कारण कोळशाच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि आई-बाळ दोघेही झोपेतच गुदमरू शकतात. धुरी द्यायचीच असेल तर दार-खिडकी उघडी ठेवून, क्षणभर आणि बाळ दुसऱ्या खोलीत असताना द्यावी. बाळंतिणीला पाणी कमी देण्याची रूढी दोन्हीकडे आहे आणि ती दोन्हीकडे चुकीची आहे. अंगावर पाजणाऱ्या आईला पाणी जास्तच लागते.

मंजकनीबाबत विशेष सांगितले पाहिजे. मायफळ हे फळ नव्हेच. इराण-तुर्कस्तानाकडील ओकच्या झाडावर एक गांधीलमाशीसारखा कीटक अंडी घालतो तेथे येणारी ती गाठ आहे, आणि तिच्यात टॅनिन भरपूर असते. त्यामुळे ती तुरट असते, हिरड्यांना आवळते, आणि मिठाच्या पाण्यात चिमूटभर घालून गुळण्या करण्यास चांगली आहे. मलेशियात मंजकनी बाळंतपणानंतर योनिमार्ग आकुंचित व्हावा म्हणून वापरण्याची पद्धत आहे. भुकटी किंवा गोळी आत ठेवल्याने त्वचेचा दाह आणि संसर्ग होऊ शकतो, तेव्हा ती तशी कधीही वापरू नये.

मायफळ, वेखंड, जायफळ, मुरुडशेंग यांची बाळगुटी उगाळून पहिल्या महिन्यापासून चाटवण्याची आपली पद्धत मी लहानपणापासून पाहिली आहे आणि तिच्याविषयी जिव्हाळाही आहे. तरीही पहिले सहा महिने बाळाला आईच्या दुधाखेरीज काही देऊ नये, हा बालरोगतज्ज्ञांचा सल्लाच पाळावा असे मी म्हणेन. सहाण, पाणी आणि बोट यांतून जंतू जातात, जायफळाने बाळ गुंगते, आणि मलय भाषेत ‘जरंगाऊ’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या वेखंडातील बीटा-असॅरोन हे द्रव्य घातक मानले जाते. वेखंड कपड्यांच्या पेटीत ठेवावे; तेथे त्याचा उपयोग निर्विवाद आहे.

शस्त्रक्रिया ठरली असेल तर कलौंजी, हळदीची मात्रा, मेथीचे चूर्ण आणि इतर सर्व काढे दोन आठवडे आधी बंद करावेत आणि भूल देणाऱ्या डॉक्टरांना वहीच दाखवावी. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी तर ही वही प्रत्येक भेटीत बरोबर न्यावी.

अंगणात लावण्याजोगे

विकत घेण्याची दगदग टाळायची असेल तर चार-पाच वस्तू दारातच लावता येतात. आपली काळी जमीन पाणी धरून ठेवते, म्हणून कुंडीत निम्मी माती, बाकी वाळू व शेणखत असे मिश्रण घ्यावे. अडुळशाची वीतभर फांदी पावसाळ्यात रोवली की जगते. शेळ्याही त्याला तोंड लावत नाहीत, त्यामुळे कुंपणाला तो उत्तम. गवती चहा, ज्याला मलय लोक ‘सराय’ म्हणतात, ठोंब वेगळा करून लावावा. कारिवण्याला सावली आणि सततचा ओलावा हवा असतो. पाण्याच्या माठाखाली किंवा न्हाणीच्या मोरीजवळ, साबणाचे पाणी पोचणार नाही अशा जागी, तो दुष्काळातही टिकतो. सब्जा जूनमध्ये पेरावा.

कलौंजी रब्बीची आहे. ऑक्टोबरच्या शेवटापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत, मेथीसोबतच, बोटभर अंतरावर उथळ पेरावी आणि उगवेपर्यंत वाफा ओला ठेवावा. निळसर-पांढरी फुले येऊन गेली की बोंडे धरतात आणि साधारण साडेचार महिन्यांत ती पिवळी पडू लागतात. तेव्हा भल्या सकाळी, दव असतानाच झाडे कापून जुन्या धोतराच्या फडक्यात सैल बांधून सावलीत टांगावीत. उशीर झाला तर बोंडे तडकून बी मातीत सांडते आणि काळ्या मातीतून काळे दाणे वेचता येत नाहीत. फडके झटकून, पाखडून जे निघेल त्यातील पहिली चिमूट चुरडून वास घ्यावा, आणि तो नमुन्याच्या बाटलीतील दाण्याशी जुळला की जुनी बाटली रिकामी करून हे नवे बी तिच्यात भरावे.